तांबरवाडीचा सातवा बोअर

११ जानेवारी १९८६, शनिवार. लातूर

तांबरवाडीचा सहावा बोअरही कोरडा गेला.

सकाळी दहाला गाडी लावली, दुपारी तीनला दोनशे दहा फूट झाले. आधी काळी भुकटी, मग करडी, आणि एकशे साठपासून पुन्हा तीच तांबडी. चंद्रप्पाने इंजिन बंद केलं. तो निलंग्याकडचा, बोअरच्या गाडीवर अकरा वर्षं काढलेला. म्हणाला, "बाई, नुसतं कुंकू निघून राहिलंय. अजून खाली जाऊन काय उपेग?"

गाव भोवती उभं होतं. कोणी शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सरपंच अमृतराव पाटलांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "म्हंजे आता टँकरच का?" टँकर तीन दिवसांतून एकदा येतो, तोही चाकूरवरून निघताना अर्धा सांडलेला.

सहाही जागा बिराजदार साहेबांनी निवडल्या, पण मोजमापं माझी. जमिनीत चार खुंट्या ठोकायच्या, वीज सोडायची आणि खडक ती किती अडवतो ते काट्यावर वाचायचं. ओला खडक कमी अडवतो. जिथे काटा सगळ्यांत खाली गेला तिथे साहेबांनी खूण केली, आणि सहाही वेळा खाली तांबडी माती निघाली. काटा खोटं सांगतो की मला तो वाचता येत नाही?

लातूर जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली. आमचं कार्यालय अजून एका धान्याच्या आडतीवर भाड्याने आहे. पाण्याच्या या कार्यालयातच प्यायचं पाणी नसतं, हे लिहायलाही लाज वाटते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी. खोलीवर बसून तांबरवाडीची सगळी मोजमापं आलेख कागदावर उतरवली आणि अब्राहम्स साहेबांना पाठवली.

या माणसाला मी पाहिलेलं नाही. मी कठीण खडकातल्या भूजलाच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेची सभासद आहे. कचेरी लंडनला, गरीब देशांतल्या सभासदांना वर्गणी जवळजवळ माफ. औरंगाबादच्या आमच्या सरांनी अर्ज भरायला लावला नसता तर माझी हिंमत झाली नसती. तिच्या त्रैमासिकात दोन वर्षांपूर्वी दीड पानाचं टिपण आलं होतं: बसाल्टमधले लाल थर आणि त्यांनी होणारी फसगत. लेखक जे. अब्राहम्स, दक्षिण आफ्रिका. मी एक शंका विचारली, त्यांनी चार पानी उत्तर पाठवलं. तेव्हापासून सात पत्रं झाली.

पत्र मी थेट तिकडे पाठवत नाही. शेजारच्या बोत्स्वाना देशात, गॅबरोन गावी त्यांचा एक शाळामास्तर मित्र आहे, त्याच्या पत्त्यावर. त्यांनीच तसं सुचवलं होतं: "कचेरीत माझी पत्रं माझ्याआधी दुसरे वाचतात." आपल्या सरकारचे तर त्या देशाशी व्यवहारच बंद आहेत. पासपोर्टवर छापलेलं असतं म्हणे, तिकडे चालणार नाही म्हणून. पोस्टातल्या कारकुनाने विचारलं, "बोत्स्वाना? हे कुठं आलं?" मी म्हटलं, आफ्रिकेत. "तिकडं बी दुष्काळ हाय का?" म्हटलं, आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लंडनहून मतपत्रिका आली.

ठराव एका ओळीचा. वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेतील संस्थांमध्ये काम करणाऱ्या सर्वांचं सभासदत्व रद्द करावं. खाली दोन चौकोन, हो आणि नाही. एकतीस मार्चच्या आत लंडनला पोचावी. सोबत दिल्लीच्या भारतीय समितीचं पत्र: ठराव पडला तर भारतातले सगळे सभासद एकगठ्ठा राजीनामे देतील, म्हणून प्रत्येकाने 'हो' म्हणावं.

मागे अकरा नावांची यादी होती. अब्राहम्स नववे.

खरं तर मला विचार करायला काय हवा होता? माझ्यासारखीने 'हो' म्हणायला एक सेकंदही लागू नये. तरी मतपत्रिका टेबलाच्या खणात ठेवली आणि दिवसभर तीन वेळा खण उघडून पाहिला.

९ फेब्रुवारी, रविवार. नांदेड

बाबांना सांगितलं. बाबा म्हणजे मारोती भदरगे गुरुजी, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी खडूचा हात गेलेला नाही, बोलताना हवेत अक्षरं काढतात.

"यात विचारायचं काय, पंचशीला? फुली मार आन् टाक पोस्टात."

मी म्हटलं, "बाबा, त्यात अब्राहम्स नावाचा एक चांगला माणूस आहे. मला शिकवतो."

"गोरा?"

"असणारच ना. तिथे कचेरीत बसून दगडाचा अभ्यास करणारा दुसरा कोण असेल?"

"मग? चांगला गोरा असंल. आपल्या गावातबी चांगले लोक होते. अठ्ठ्याहत्तर साली आपल्याला दुकानातून मीठ देऊ नका म्हणून दवंडी झाली, गिरणीवाल्यानं दळण परत केलं, तवा ते चांगले लोक काय करून राहिले होते? दार लावून बसले होते घरात."

आई भामाबाई मधेच म्हणाली, "जुनं कशाला काढता आता." त्या बहिष्कारानंतर पंधरा दिवसांनी आमचं घर जाळलं. मी तेव्हा औरंगाबादला वसतिगृहात होते. आईने पळताना घरातून एवढंच उचललं, माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट.

मी म्हटलं, "बाबा, हाही बहिष्कारच की."

बाबांचं बोट हवेत अर्धं अक्षर काढून थांबलं. मग म्हणाले, "शब्द एकच हाय. पर तो वरून खाली होता. ह्यो खालून वर हाय. तू शिकलेली हायस, तुला फरक कळाया पाहिजे."

मला फरक कळतो. एस.टी.त अहमदपूरपर्यंत तोच विचार करत होते. पण तांबरवाडीला एकच बोअर शिल्लक आहे. सातवा. त्यानंतर गाडी दुसऱ्या तालुक्यात जाणार. त्या आलेखाचं उत्तर येईपर्यंत तरी तो माणूस मला हवा आहे. हे बाबांना कसं सांगू?

१९ फेब्रुवारी, बुधवार

उत्तर आलं! सहा पानं आणि माझाच आलेख परत, त्यावर शिसपेन्सिलीने खुणा.

"तुम्ही सहाही वेळा चिकणमातीत शिरलात. लाल थर वीज सहज जाऊ देतो, म्हणून काटा खाली जातो. पण ती माती पाणी धरून बसते, सोडत नाही. सगळ्यांत कमी आकड्यामागे धावू नका. मधला आकडा शोधा, जिथे लाल थर पातळ झाला आहे आणि त्याखालचा खडक फुटका आहे. तुमच्या चौथ्या रेषेवर, ओढ्याच्या पलीकडे, अकराव्या खुंटीशी मला तो दिसतो. एकशे तीस ते दीडशे फुटांच्या दरम्यान."

आलेखावर त्या जागी बाण आणि बारीक अक्षरात सही, जे. ए. मी चार वेळा गणित करून पाहिलं. बरोबर आहे. इतकं बरोबर आहे की स्वतःचा राग आला.

पुढे थोडं घरचं. साध्या कागदावर लिहितो याबद्दल माफ करा, कचेरीचा छापील कागद मला वापरता येत नाही, अहवालही वरच्या डॉक्टरांच्या, म्हणजे त्यांच्या साहेबांच्या, सहीने जातात. (केवढा विनय! आमचे साहेब शिकतील तर बरं.) दौऱ्यावर डॉक्टर गावातल्या हॉटेलात उतरतात आणि ते स्वतः बोअर मारणाऱ्या मजुरांच्या राहुट्यांत राहतात, आणि खडकाबद्दल जे काही शिकले ते तिथेच. गोरा माणूस मजुरांत राहतो हे वाचून मला त्यांच्याबद्दल आणखी आदर वाटला. केपटाऊनला डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या आईचं घर होतं, ते सरकारने पाडलं, सगळी वस्तीच पाडली, आणि इतकी वर्षं झाली तरी तिथे नुसतं गवत आहे. रस्त्यासाठी घेतलं असावं. सरकारं सगळीकडे सारखीच.

मतपत्रिकेचा उल्लेख नव्हता. त्यांना ठाऊक नसेल का?

एक गोष्ट मात्र आज दिवसभर मनातून जात नाही. चौथी रेषा, अकरावी खुंटी. ती जागा तांबरवाडीच्या बौद्धवाड्याला लागून आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बिराजदार साहेबांनी आत बोलावलं. वरच्या कार्यालयाचं परिपत्रक आलं आहे. विदेशी संस्थांचे सभासद असलेल्या कर्मचाऱ्यांनी लिहून द्यायचं की आपला दक्षिण आफ्रिकेतल्या कोणाही व्यक्तीशी पत्रव्यवहार नाही आणि पुढेही ठेवणार नाही.

"आख्ख्या जिल्ह्यात विदेशी संस्थेच्या सभासद तुम्ही एकट्याच आहात, भदरगेबाई," साहेब म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. माझ्या पगारवाढीसाठी दोनदा स्वतः लिहिलं होतं त्यांनी. "काय असंल नसंल ते मला सांगू नका. कागद वाचा आन् सही करा. सरकारी नोकरी हाय, घरी तुमच्याशिवाय कमावतं कोण हाय?"

सही केली. 'पत्रव्यवहार नाही' यावर सही केली तेव्हा सहा पानं माझ्या पर्समध्येच होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मतपत्रिका टाकली.

'नाही' वर फुली केली.

कारण लिहून ठेवते, पुढे मी स्वतःलाच दुसरं काहीतरी सांगेन म्हणून. तत्त्व वगैरे काही नाही. हा माणूस गेला तर मला विचारायला कोणी उरत नाही. साहेबांना माझ्याइतकंही येत नाही, आणि औरंगाबादचे सर वारले. अकरा नावांत मला एकच नाव दिसलं आणि ते मला हवं होतं.

बाबांना पोस्टकार्ड टाकलं, 'सांगितल्याप्रमाणे केलं.'

४ मार्च, मंगळवार. तांबरवाडी

ग्रामपंचायतीसमोर बैठक. साहेब स्वतः आले होते. मी जागा सांगितली. ओढ्यापलीकडे, बौद्धवाड्याच्या कडेला.

 अमृतराव म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. महादेवाच्या देवळापुढं पटांगण हाय, सगळ्यांला जवळ पडतं. तिथं का न्हाई?"

"तिथे पाणी नाही. तिसरा बोअर तिथेच मारला होता."

"आन् तिकडं हाय म्हनता."

"हो."

मागून एक म्हातारा म्हणाला, "बाईला आपल्या लोकांकडंच पाणी दिसून राहिलं." थोडे हसले. अमृतरावांनी त्याला गप्प केलं, मग मला म्हणाले, आणि खरंच कळवळून म्हणाले, "मी न्हाई म्हणत न्हाई. मला पाणी पाहिजे. घरी दोन म्हशी मेल्या. पर उद्या पाणी लागलं तर हिकडल्या बाया तिकडं भरायला जातील का, हे तुम्हीच सांगा. आन् न्हाई लागलं तर लोक काय म्हनतील?"

बौद्धवाड्यातून फक्त साखराबाई आली होती, चावडीच्या पायरीखाली उभी. ती म्हणाली, "आमच्या दारात नगं बाबा. लागलं तर भांडण, न्हाई लागलं तर आमचाच पायगुण."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आधार काय याला? आधीच्या सहाच्या वेळी हे का न्हाई दिसलं?"

माझ्याकडे आधार होता. पर्समध्ये सहा पानं होती, आणि ती लिहिणाऱ्याला तांबरवाडीत वाडे किती आणि कुठल्या बाजूला कोण राहतं याची काहीही कल्पना नव्हती. ती पानं वाचली असती तर मी माझ्या लोकांसाठी जागा काढली असं म्हणायला कोणाला तोंड उरलं नसतं. आणि तीच पानं दाखवली असती तर आठ दिवसांपूर्वीची माझी सही खोटी ठरली असती.

मी फक्त आलेख काढून दिला. बैठकीला निघण्यापूर्वी खोलीवर बसून मी जे. ए. ही दोन अक्षरं खोडरबराने पुसली होती. बाण तेवढा ठेवला होता.

साहेबांनी आलेख उन्हात धरून पाहिला. "खुणा कुणाच्या?"

"माझ्याच."

"इंग्रजी सात आकड्याला मधी आडवी रेघ मारता तुम्ही?"

मी आलेखासाठी हात पुढे केला. साहेबांनी कागद घडी करून परत दिला आणि चावडीकडे वळून म्हणाले, "जागा मी पाहिली हाय. शास्त्रात बसतं. मंगळवारी गाडी येईल."

११ मार्च, मंगळवार

पाणी!

चाळीस फूट काळा, नव्वदपर्यंत करडा. एकशे बाराला तांबडी भुकटी सुरू झाली. बघ्यांतले अर्धे लोक उठून चालायला लागले. चंद्रप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालू द्या. पाच फुटांत तांबडं संपलं. आलेखात तो थर एवढाच पातळ होता.

एकशे त्रेचाळीस फुटांवर आवाज बदलला. चंद्रप्पाचा हात दांड्यावरच थांबला. भुकटी ओली झाली, मग चिखल, मग गाडीच्या टपाएवढं उंच पाणी उडालं. चंद्रप्पा भिजत उभा राहून ओरडत होता, "नीरू! नीरू बंतु!" पाणी आलं म्हणायला त्याला कानडीच सुचली, मराठी आठवेना. ताशी साडेतीन हजार लिटर मोजलं.

साखराबाईने चिखल हातात घेऊन वास घेतला. "गोड हाय गं," एवढंच म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, याच्यावर लेख लिहा, दोघांच्या नावाने पाठवू. लाल थरामुळे होणारी फसगत, चांगला विषय आहे.

परत येताना जीपमध्ये रडू आलं. लोकांना वाटलं आनंदाने.

२२ मार्च, शनिवार

हापसा बसला. पहिले चार दिवस ओढ्याअलीकडून कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी अमृतरावांची बायको शांतम्मा भर दुपारी दोन घागरी घेऊन एकटी आली. तिच्यामागे दुसऱ्या दिवशी वीस जणी.

आज मी पाहिलं. येतात, आधी तांब्याने हापशाचा दांडा धुतात, मग हात लावतात.

मी पुढे होणार तोच साखराबाईने माझा पदर ओढला. "धुवू द्या, बाई. दहा घागरीला एक तांब्या जातोय. आल्यात हे काय कमी हाय का?"

मला ते कमी वाटतं. पण घागरी भरताना साखराबाई आणि शांतम्मा उन्हाबद्दल बोलत होत्या.

१८ एप्रिल, शुक्रवार

लंडनचं पत्र. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. अकरा जणांची नावं सभासदांच्या यादीतून काढली. दिल्लीच्या समितीने आम्हा सर्वांचं अभिनंदन केलं आहे.

अभिनंदनाचं पत्र बाबांनी मागवून घेतलं. शेजाऱ्यांना दाखवतात म्हणे.

अब्राहम्स साहेबांना मी पाणी लागल्याचं कळवलेलं नाही. सव्वा महिना झाला. रोज वाटतं आज लिहू. मग ती सही आठवते, मग पुसलेली अक्षरं, आणि मग काय लिहायचं तेच सुचत नाही.

५ मे, सोमवार

गॅबरोनहून पत्र. सतरा एप्रिलचं.

जसं आहे तसं उतरवते, म्हणजे मला पुन्हा वाचावं लागणार नाही.

"प्रिय मिस भदरगे, परिषदेचं आता तुम्हाला कळलं असेल. तुमच्यापुढे अडचण उभी राहिली असेल म्हणून मी आधी काही लिहिलं नाही. माझ्यामुळे कोणाचं मत बदलावं असं मला वाटत नव्हतं. सभासद म्हणून मतपत्रिका मलाही आली होती. मी 'हो' वर फुली केली.

तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही मला विचारलं नाहीत आणि त्याचंच मला बरं वाटायचं. माझ्या ओळखपत्रावर 'कलर्ड' असं लिहिलेलं आहे, म्हणजे गोऱ्यांत नाही आणि काळ्यांतही नाही. इथे मी 'तंत्रज्ञ-मदतनीस' आहे. आमच्या देशातल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेने मला कधी अर्ज पाठवला नाही, म्हणून मी लंडनला अर्ज केला होता. दोन वर्षांपूर्वी सरकारने आम्हाला वेगळ्या सभागृहासाठी मत देऊ केलं, ते मी घेतलं नाही. त्यामुळे माझ्या एक्केचाळीस वर्षांत मी खरं मत दिलं ते हेच. त्यात माझं नाव गेलं. पण यादीतल्या बाकीच्या दहा गोऱ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की दार बाहेरूनही लावता येतं.

आता तुम्ही मला लिहू नये हेच बरं. फक्त एक हवं आहे. मी दाखवलेल्या जागांवर आजवर एकशे नव्वद बोअर मारले गेले आणि एकावरही माझं नाव नाही. तांबरवाडीचा मारला असेल तर किती फुटांवर लागलं तेवढा आकडा कळवा. पाणी लागलं नसेल तर तेही कळवा, मला चूक शोधावी लागेल. तुमचा, जेकब अब्राहम्स."

जेकब. दोन वर्षांत मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

७ मे, बुधवार

आकडा पाठवला. गॅबरोनच्याच पत्त्यावर, सरळ लिहिलं, "एकशे त्रेचाळीस फूट. ताशी साडेतीन हजार लिटर. गोड." खाली पूर्ण नाव आणि कार्यालयाचा पत्ता घातला. हेही लिहिलं की मी 'नाही' म्हटलं होतं, आणि तुम्ही गोरे आहात असं समजून म्हटलं होतं. आलेखावरची तुमची सही पुसली हेही लिहिलं. माफी हा शब्द लिहून खोडला. मोकळ्या कागदावर खोडलेला शब्द दिसतोच, तरी तसाच पाठवला.

११ मे, रविवार. नांदेड

बाबांना सगळं सांगितलं. मत सुद्धा.

मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. भिंतीवर ते अभिनंदनाचं पत्र खिळ्याला अडकवलेलं होतं, ते उठून काढलं, घडी केली, ट्रंकेत ठेवलं.

"मीच म्हटलो गोरा असंल," म्हणाले. "नाव बघून म्हटलो. आपलं नाव बघून लोक म्हनतात तसं."

"बाबा, मी खोटं लिहिलं तुम्हाला."

"ते हाय. ते मी इसरनार न्हाई." मग ट्रंकेला कडी घालत, "त्याला पोरंबाळं हायत का?"

मला ठाऊक नव्हतं. तेही मी कधी विचारलं नव्हतं.

२२ मे, गुरुवार

पेपरात आतल्या पानावर आठ ओळी आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने सोमवारी शेजारच्या तीन देशांत हल्ले केले. एक गॅबरोनजवळ. मेलेल्यांची नावं नाहीत. गॅबरोन मोठं गाव असेल. शाळामास्तर गावात राहत असतील, असं धरून चालते. पत्र तोवर पोचलं असेल की नसेल? बारा दिवसांत कधी पोचतं, कधी नाही.

१६ जून, सोमवार

तिकडे आणीबाणी लागू झाली. हजारो लोक उचलले, असं रेडिओ सांगतो. उत्तर नाही. मृग लागून आठवडा झाला, आभाळ स्वच्छ आहे. तांबरवाडीच्या हापशावर आता शेजारच्या दोन वाड्या येतात. रांगेत भांडणं होतात, पण दांडा धुवायला कोणाला वेळ उरलेला नाही.

साहेब लेखाची आठवण करतात. मी एक ओळही लिहिलेली नाही.

२७ जून, शुक्रवार

माझं पत्र परत आलं.

फोडलेलं नाही. पाकिटावर गॅबरोनचे दोन शिक्के, आणि निळ्या शाईने कोणीतरी इंग्रजीत लिहिलंय, 'या पत्त्यावर कोणी नाही.' जांभळा शिक्का मारून परत पाठवलं.

म्हणजे त्यांना आकडा कळला नाही. पाणी लागलं हे सुद्धा कळलं नाही. चूक शोधत बसले असतील, कुठेही असले तरी.

३० जून, सोमवार

वर्षाचा अहवाल आज जायचा होता. त्यासाठी बोअरची नोंदवही माझ्याकडे आली. प्रत्येक बोअरपुढे खोली, पाणी, तारीख, आणि शेवटचा रकाना, 'जागा कोणी निवडली.' वरपासून खालपर्यंत एकच नाव, साहेबांचं. सातव्यापुढचा तेवढा रकाना कोरा होता. साहेबांनी तो माझ्यासाठी सोडला होता, हे माझ्या लक्षात आलं.

मी पेन घेतलं आणि लिहिलं, जेकब अब्राहम्स, दक्षिण आफ्रिका.

साहेब सह्या करत करत त्या पानावर आले. थांबले. शिपायाला बाहेर पाठवलं.

"भदरगेबाई, हे खोडा."

"नाही, साहेब."

"अहो, तुमच्या सहीचा कागद वर हाय. हे पान वर गेलं की मला कळवावं लागंल. मी तुम्हाला वाचवू शकनार न्हाई."

"कळवा."

"मला त्या दिवशीच समजलं होतं. आडव्या रेघेचा सात मी तुमच्या टेबलावरच्या त्या त्रैमासिकात पाहिलाय, त्याच्या नकाशावर. म्हणून तर मी जागा माझ्या अंगावर घेतली. तुम्हीबी ती आपल्या अंगावर घ्या की. कुणाचं नुकसान होतं?"

मी म्हटलं, "साहेब, या माणसाने दाखवलेल्या जागांवर एकशे नव्वद बोअर मारलेत, आणि एकावरही त्याचं नाव नाही. हा एकशे एक्याण्णवावा."

साहेबांनी पान बराच वेळ धरून ठेवलं. खोडलं नाही. सही पण केली नाही. तसंच बाजूला ठेवून पुढचं पान घेतलं.

८ जुलै, मंगळवार

निलंबनाचा कागद आला. साहेबांनी स्वतः आणून दिला, खोलीवर, आणि चहा न घेता गेले.

चंद्रप्पाकडून कळलं, नोंदवहीचं ते पान पुन्हा लिहून घेण्याचा हुकूम होता. वरच्या कार्यालयातून आलेल्या कारकुनाने नवं पान लिहिलं आणि जुनं फाडायला घेतलं. तेव्हा साहेब त्याला म्हणाले, सरकारी नोंदवहीतलं पान फाडता येत नाही, आडवी रेघ मारून रद्द करा. तशी रेघ मारली आहे.

रेघेखालचं नाव वाचता येतं का, मी विचारलं.

"मला इंग्रजी येतंय कुठं, बाई," चंद्रप्पा म्हणाला. "पर तुम्ही मराठीतच लिवलंय की. स्वच्छ वाचता येतंय."